शके १८४६ च्या पौषाची गाठ सुटली

मंडळी, मी जुन्या वह्या आणि आठवणींच्या टेपांमधले काळ संगणकावर नोंदवतोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बेळगावच्या शहापुरातल्या घरातली हिशेबाची चोपडी आणि आजींची टेप यांतल्या तारखा जुळत नाहीत. तीन आठवडे त्यातच गेले. काल रात्री गाठ सुटली.

चोपडीत मोडीत ओळ आहे, ‘शके १८४६ पौष वद्य’. पुढची तिथी वाळवीने खाल्लेली. खाली गाडीभाड्याचा हिशेब आणि ‘काँग्रेस झाल्यावर’. टेपवर बाराव्या मिनिटाला आजी सासूबाईंचं सांगतात, “काँग्रेस उठली आणि पंधरा दिसांत मांडवाचे बांबू आमच्याकडं आले की.” गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं बेळगावचं अधिवेशन २६-२७ डिसेंबर १९२४ चं. शकाचं इंग्रजी साल काढणारी माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) मात्र या ओळीला जानेवारी १९२४ देत होती!

मी संशय घेतला लिहिणाऱ्यावर. शक १८४७ धरला तर तारीख बरोबर बसली, पण त्याच हिशेबाने कार्तिकाची पानं वर्षभर पुढे सरकली. तिथे उजेड पडला. मी शकात सरसकट ७८ मिळवत होतो. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ ठीक. १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ हवेत. त्या वर्षी अमावास्या २६ डिसेंबरला होती, म्हणजे अधिवेशन चालू असतानाच पौष लागला आणि त्याचे पहिले चार-पाच दिवस सोडता सगळा महिना १९२५ मध्ये गेला. चोपडी खरी, आजीही खऱ्या. दोन्ही नोंदी एकाखाली एक लागलेल्या पाहून फार बरं वाटलं.

तिथी गेलेली, म्हणून आता ओडब्ल्यूएल-टाइममध्ये (काळ संगणकाला कळेल असा मांडायची शब्दावली) क्षण न ठेवता कालखंड ठेवलाय: वद्य प्रतिपदा ते अमावास्या, साधारण ११ ते २४ जानेवारी. मूळ शक-तिथी जशीच्या तशी शेजारी, कालगणना ‘शालिवाहन’ अशी वेगळी नोंदवून. अधिवेशनाशी नातं ‘इंटर्व्हलआफ्टर’, म्हणजे ‘त्यानंतरचा कालखंड’. दोन कालखंडांमध्ये असू शकणाऱ्या, अॅलनने मांडलेल्या तेरा नात्यांपैकी हे सर्वांत साधं, पण आजींच्या बोलण्यात निम्म्या वेळा तेच येतं. टेपवरची वेळ ईलानमध्ये (ध्वनिफितीवर टिपणं जोडायचं सॉफ्टवेअर) वेगळ्या टिअरवर, म्हणजे टिपणांच्या वेगळ्या पट्टीवर. सांगण्याची वेळ आणि सांगितलेला काळ कधीच एकत्र करू नका. ईलान फुकट आहे आणि तासाभराच्या फायलीलाही दमत नाही. प्रोटेजे (अशा शब्दावल्या तयार करायचं सॉफ्टवेअर) मला वर्ग मांडायलाच आवडतं. नात्यांवरून नाती काढायला मी पायथॉनचा छोटा तक्ता लिहिलाय.

पुढे मृग-रोहिणी अशा नक्षत्रांवरून काळ सांगणाऱ्या नोंदी घेणार होतो. पण हे लिहिताना लक्षात आलं, शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि मी ‘बेळगावी, कर्नाटक’ असा शिक्का मारून बसलोय! बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, राज्याचं नाव १९७३ मध्ये बदललं, शहराचं २०१४ मध्ये. स्थळालाही ‘पासून-पर्यंत’ लागणारच. म्हणून मृग थांबू दे. या आठवड्यात आधी शहापूर, मग चंदगड, कारण तो तालुका १९५६ मध्येच जिल्ह्यातून सुटून कोल्हापूरकडे गेला आणि माझ्या सहा टेपा तिथल्या आहेत.