मित्रांकडे उतरलं की फिरणं होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

मिरज-सांगली-कोल्हापूर करून आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तीन दिवस, तीन शहरं, आणि त्यात सगळीकडे मित्रमैत्रिणींच्या घरी जायचं, मग बघून कधी होतं तुमचं? सगळा वेळ गप्पांतच जात असेल ना?"

होतं की. मला तर वाटतं त्यांच्यामुळेच होतं.

आधी राहायचं सांगते. मिरज ते सांगली जेमतेम दहा किलोमीटर, महापालिका पण दोघांची एकच, आणि मिरजेहून कोल्हापूर रेल्वेनं पन्नासेक किलोमीटर, म्हणून बॅग एकाच घरी टाकायची, माझी मिरजेत कॉलेजच्या मैत्रिणीकडे असते. रोज नवीन घरी मुक्काम केला की त्यांना गाद्या-चादरी काढाव्या लागतात, आपला अर्धा दिवस बॅग भरण्यात जातो, आणि धड कुणाशीच बोलणं होत नाही.

आता बघण्याचं. मिरजेची ही मैत्रीण लग्न होऊन अठरा वर्षं तिथे आहे, भाजी आणायला जाताना रोज सतारमेकरांच्या दुकानांवरून जाते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं चल, तर म्हणाली अगं आपल्याला कुठे काय वाजवायचंय. गेलो. वर वाद्यांसाठी सुकवलेले भोपळे टांगलेले, हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, आणि खाली एक वयस्कर काका तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेला तिचा भरलेला नाद आणत बसलेले. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा तार बाजूला करून कानस. अर्धा तास आम्ही दोघी काही न बोलता उभ्या. आधी नुसता टण्ण आवाज यायचा, आणि मग दोरा केसभर पुढे गेला आणि त्याच तारेतून असा भरलेला, झिणझिणता नाद आला की मैत्रिणीनं माझा हात धरला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू या गावचीच अशी सरकारी ओळख, मिळाल्याचं तिनं पेपरात वाचलं होतं, पण ते म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळलं. तिथून मग मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे, ते 1937 साली गेले आणि अजूनही उरुसात तिथे गायक येऊन हजेरी लावतात.

पाहुणी आली की स्वतःचं गाव बघायला निमित्त मिळतं, एरवी गावातल्या माणसाला ते मिळत नाही. खिद्रापूरला पण हेच झालं.

सांगलीचा मित्र शाळेच्या सहलीला गेला होता तेवढाच, त्यानंतर नाही. त्याला म्हटलं मला देवळं दाखव असं नाही, तूच चल माझ्याबरोबर, बायको-मुलांना पण घे. वाटेत नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर थांबलो, बासुंदी घेतली, आणि उन्हं चढायच्या आत खिद्रापुरात कोपेश्वराच्या जुन्या देवळात पोचलो. पुढच्या मंडपाचं, स्वर्गमंडप म्हणतात त्याला, छत मधोमध गोल उघडं, खाली बारा खांबांचं वर्तुळ, आणि वरून उन्हाचा एक गोल तुकडा दगडी फरशीवर पडलेला. मुलगी त्या उन्हाच्या कडेकडेनं पाय टाकत फिरली, मित्र खांबाला टेकून वर बघत बसला. बाहेरच्या बाजूला हत्तींची रांग आहे, त्यातले कितीतरी फोडलेले, ते बघून मात्र त्रास होतो. आणि शंकराच्या देवळात समोर नंदीच नाही, हे सगळ्यात आधी मुलीच्याच लक्षात आलं.

परत येऊन सांगलीत त्याच्या घरी जेवलो. त्याच्या वडिलांनी जिन्याशी नेऊन 2019 च्या पुराची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर, रंग देताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडलीय. मग जवळच्या हरिपूरच्या पेवांचं सांगत बसले, जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, आणि 2005 च्या पुरात पाणी शिरून त्यांचं किती नुकसान झालं ते. मी ऐकतच बसले, संध्याकाळी गणपतीला आणि आयर्विन पुलावर जायचं ठरलं होतं, त्यातला पूल राहिला. राहू दे.

कोल्हापूरचं खरं सांगायचं तर फार बघणं झालं नाही. मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पन्हाळा मी सकाळीच रद्द केला. काकूंजवळ बसले, तेवढ्या वेळात ती दोन तास झोपून घेऊ शकली, संध्याकाळी काकूंच्या बहिणी आल्या तेव्हा आम्ही दोघी अंबाबाईचं दर्शन घेऊन रंकाळ्यावर जाऊन बसलो. काही बोललो नाही फारसं. अशा वेळी गाव बघायचा हट्ट करणाऱ्यांचं मला कळत नाही, पन्हाळा कुठे पळून जातोय.

निघताना काकू म्हणाल्या, नोव्हेंबरात किरणोत्सवाला ये, मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून वर चढत जातात, मी तोवर चालायला लागते, आपण तिघी जाऊ. रिझर्वेशन उघडलं की पहिलं तिकीट तेच काढणार आहे.