कोळ्यासाठी लेन्स

वाइल्डलाइफ म्हटलं की गिऱ्हाईक आधी सहाशेची, म्हणजे सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स मागतं. सीएसएमटीपासून चालत अंतरावर, फोर्टातल्या एका गल्लीत आमचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. नव्या मालाबरोबर जुन्या लेन्सची खरेदी-विक्री होते, ती मी बघतो. कुणाला ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे असतात, कुणी मे महिन्यात ताडोब्याला निघालेलं असतं. बजेट आणि ब्रँडचं बोलणं मी मागे ठेवतो. आधी विचारतो: काय टिपायचंय, आणि ते तुम्हाला किती जवळ येऊ देतं?

एका शनिवारी दुपारी पोलीस खात्यातले एक हवालदार मुलीला घेऊन आले. ‘दीडशे-सहाशे दाखवा, दादा. हिच्यासाठी. सोसायटीतून कर्ज काढलंय, चांगलीच द्या.’ मुलगी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. गळ्यात निकॉनचा डी-5600, त्याला किटमधली 18-55.

मी सिग्माची 150-600 काढून तिच्या कॅमेऱ्याला लावून दिली. जवळजवळ दोन किलोचं धूड. तिने डोळ्याला लावून काउंटरवरच्या एका डबीवर नेम धरला, रिंग फिरवली, पुन्हा फिरवली. ‘काका, फोकसच होत नाहीये.’

होणारच नव्हतं. ही लेन्स 2.8 मीटरच्या अलीकडचं काही पकडत नाही आणि आमचा काउंटर हातभर रुंद. मी विचारलं, ‘तुला टिपायचंय काय?’

तिने बाबांकडे पाहिलं. उत्तर त्यांनीच दिलं. ‘कोळी. वाघ-बिबट्या नाही, कोळी. मित्र म्हणाले जंगलातलं काही असलं तर मोठीच लेन्स लागते, म्हणून आलो.’

मग ती बोलायला लागली. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी प्रजाती नोंदवली गेली. संशोधकांनी तिला नाव दिलं आयसियस तुकारामी, 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवणाऱ्या सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्यावरून. मुलगी स्वतः राहते कल्याणला. तो कोळी आपल्या आसपास कुठेतरी आहे, तो शोधायचा आणि नीट टिपायचा, एवढं तिचं म्हणणं. हवालदार हळूच म्हणाले, ‘ओंबळेसाहेब,’ आणि पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

कर्जाच्या पैशाने भलतीच लेन्स या घरात जाऊ द्यायची नाही, हे मी तिथेच ठरवलं. 600 वर, सगळ्यात जवळून टिपलं तरी त्या झूममध्ये वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या पट्टीवर, जवळपास पाचपट लहान होऊन उमटते. पाच मिलिमीटरचा कोळी एक मिलिमीटरचा होणार. हिला हवी होती मॅक्रो, लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, तीही वन-टू-वन देणारी, म्हणजे पाच मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही पाच मिलिमीटरचाच. डी-5600 चा सेन्सर साधारण 24 मिलिमीटर रुंद, म्हणजे कोळी फोटोची पाचवा हिस्सा रुंदी भरून टाकतो.

पण मॅक्रोतही कुठली? इथे बरेच जण फसतात. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं सर्वांत जवळचं अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की प्राण्याच्या वाट्याला किती जागा उरते ते कळतं. 60 ची मॅक्रो स्वस्त आणि हलकी, पण तिच्या काचेपासून कोळ्यापर्यंत उरतात पाचेक सेंटिमीटर. 105 ला त्याच्या दुपटीहून जास्त.

हे नुसतं सांगून पटत नाही. दुकानाच्या दाराच्या काचेवर माश्या टिपणारा एक करडा कोळी रोज असतो, त्या दिवशीही होता. मुलीला आधी 60 लावून दिली. ती सरकत जवळ गेली, लेन्सची सावली त्याच्यावर पडली, तो गर्रकन वळला आणि टुणकन वर गेला. थोडा वेळ थांबून 105 लावली. या वेळी तो जागचा हलला नाही. तिने फोकस रिंग एका जागी ठेवली, श्वास रोखला आणि स्वतःच तांदळाच्या दाण्याएवढी पुढेमागे झाली. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण मॅक्रोत फोकस असाच धरतात. एफ-11 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक केलं तरी, फोकसमध्ये राहणारी जागा मिलिमीटरभरच असते.

स्क्रीनवर फोटो मोठा केला. समोरचे दोन मोठे काळेभोर डोळे, शेजारी दोन लहान, भुवयांसारखे पांढरे केस. बाकीचे चार डोळे डोक्यावर मागे असतात, तिनेच बाबांना सांगितलं. हवालदार काउंटरवर वाकून बघत राहिले. ‘हा आपल्या घरातही असतो की!’

नव्या 105 साठी पैसे बरेच लागले असते. माझ्याकडे निकॉनच्या जुन्या, ‘डी’ प्रकारच्या 105 दोन होत्या. या लेन्सला फोकस फिरवणारी स्वतःची मोटर नसते आणि डी-5600 च्या बॉडीतही नाही, म्हणजे ऑटोफोकस चालणार नाही. कोळ्यांसाठी त्याने काही अडत नाही, ते तिने आत्ताच करून दाखवलं होतं. पहिल्या लेन्सच्या मागून टॉर्च मारला. समोरून पाहिलं तर आतल्या काचेच्या कडेला बारीक पांढरे तंतू. बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सचं हेच होतं, आणि वेळीच साफ केली नाही तर बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. ती बाजूला ठेवली. दुसरी स्वच्छ होती. दीडशे-सहाशेच्या निम्म्याहून कमी पैशात लेन्स, फ्लॅश, हवाबंद डबा आणि सिलिका जेल, सगळं बसलं.

हवालदारांना तरी रुखरुख होतीच. ‘उद्या बिबट्या टिपायचा म्हणाली तर?’ मी सांगितलं, मुंबईतल्याच आरेच्या वस्तीतून जाणाऱ्या बिबट्याच्या फोटोसाठी नयन खानोलकर यांना 2016 मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. तो फोटो कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावून वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने काढलेला आहे, म्हणूनच त्यात बिबट्याबरोबर गल्लीही दिसते. लांबच्या लेन्सची गरज खरंच पडते ती खाडीवर, पक्षी चिखलात दूर उभे असतात तेव्हा. तीही सकाळी. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि सहाशेच काय, आठशेही फोटो वाचवू शकत नाही. असं एखाद-दुसऱ्या रविवारचं काम असेल तर भाड्याने न्या, म्हटलं.

जुलैत मुलीचा फोन आला. आयसियस अजून भेटलेला नव्हता, पण घरामागच्या झाडीत इतर कोळी भरपूर टिपले होते. अडचण फ्लॅशची होती: ओल्या पानावर आणि कोळ्याच्या डोळ्यांत पांढरा ठिपका उमटत होता. फ्लॅशपुढे पुठ्ठ्याचं नळकांडं, त्याला आतून वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू आणि तोंडाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर, असं सांगितलं. ‘आणि पेपर कोळ्याच्या जितका जवळ आणशील तितका उजेड मऊ पडेल.’ तिने विचारलं, ‘पण मग तो पळाला तर?’ म्हटलं, थोडं लांबून सुरू कर आणि दर फोटोला बोटभर पुढे सरक. शनिवारी फोटो घेऊन येते म्हणाली.