ठमीला डावा हात सापडेपर्यंत

आमची ठमी पाच आठवडे आधीच आली. डिसेंबरचा मध्य, पारोळ्यात थंडी मरणाची, आणि वजन १ किलो ९०० ग्रॅम. आठव्यातलं पोर म्हटल्यावर घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. दवाखान्यातून घरी आणल्यापासून आंघोळीची दहा मिनिटं सोडली तर तिला कुणी उघडं पाहिलंच नाही. टोपडं, हातमोजे, पायमोजे, वरून घट्ट दुपटं आणि ते गाठोडं झोळीत. मी तर लांबूनच बघायचो. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान घराच्या ओट्यावरच आहे. हाताला दिवसभर वार्निशचा वास, बोटांवर तांब्याच्या तारेचे ओरखडे. असले हात त्या पोरीला लावायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीला आशाताई आल्या. वजन केलं, मोजे काढायला लावले आणि जरा वेळ नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, ही कायम उजवीकडेच बघते का?"

आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. डोक्याची उजवी बाजू चपटी झाली होती. उजवा हात वळवळायचा, डावा मूठ वळून छातीशी पडलेला. १४ आठवड्यांच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जळगावच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे चिठ्ठी दिली. एरंडोलमार्गे जाताना एसटीत बायको एक शब्द बोलली नाही.

मॅडमनी आधी हिशेबच बदलला. लवकर आलेल्या मुलाचं वय मोजताना आधीचे आठवडे वजा करायचे असतात, म्हणजे ठमी १४ नव्हे, ९ आठवड्यांची. एवढ्या वयात मुठी बंद असणं काही जगावेगळं नाही. मान हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण वळत होती, गाठ नव्हती. मग त्यांनी विचारलं, "झोळी कुठं बांधली आहे? दार कोणत्या बाजूला?"

दार उजव्या बाजूला. उजेड तिकडून, दुकानातला आवाज तिकडून, येणारे-जाणारेही तिकडूनच. पोरगी बिचारी दुसरीकडे कशाला बघेल? मला हसावं की रडावं कळेना. दिवसभर झोळीत ठेवू नका, झोपवाल तेव्हा सपाट गादीवर उताणी झोपवा आणि रोज डोकं-पाय उलटसुलट करा, असं त्यांनी सांगितलं. आणि मोजे काढा. "तिला तिचं अंगच अजून भेटलेलं नाही हो," म्हणाल्या.

हे वाक्य मला दुकानात बसून उमगलं. मोटर उघडताना मी नटाकडे बघत नाही. पाना कुठं आहे, बोट किती वाकलंय, हे हातालाच ठाऊक असतं. न बघता अंगाचा ठाव लागण्याच्या या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. स्नायूंवर ताण पडतो, सांधे दबतात, कातडीला काही लागतं, त्यातून ती घडत जाते. गाठोड्यात बांधलेल्या पोरीला यातलं काय मिळणार?

पहिलं काम पालथं पाडायचं. जागी असताना, कुणी शेजारी असताना, दिवसातून थोडं थोडं करत अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांतही रांगायच्या आधीच्या बाळांसाठी एवढंच सांगितलंय. अर्धा तास म्हणे! पहिल्या दिवशी ठमीने गोधडीत नाक खुपसून असा टाहो फोडला की मिनिटभरात माझ्या आईने उचलून घेतली. "पोरले असं उघडं टाकतस का रे? मी तुले असाच मोठा कया का?"

खरं तर तिने मला असाच मोठा केला होता. आंघोळीच्या वेळी आई पाय लांब करून बसते, पोरगी पायांवर पालथी, पाठीला तेल चोळणं चालू. मी तेच मोबाइलवर दाखवायला जळगावला घेऊन गेलो. मॅडम खूश. हेच करा म्हणाल्या, फक्त हातपाय ओढून ताणणं बंद, नाका-कानात तेल बंद, धुरी बंद. धुरीवरून आमच्याकडे आठवडाभर अबोला होता. पण पालथं पाडायचं काम मात्र आईने आपल्याकडेच घेतलं. माझ्या वाट्याला संध्याकाळ आली. मी बाजेवर आडवा, ठमी माझ्या छातीवर पालथी. साबणाने दोनदा हात धुऊनही ओरखडे जात नाहीत, तसेच तिच्या पाठीवरून फिरवायचो. बायकोचा मऊ हात आणि माझा खरखरीत, दोन्हींना ती वेगवेगळी दचकायची.

मग स्पर्शाचे खेळ. मी उत्साहात दिव्यांचं, गाण्यांचं एक महागडं खेळणं मागवलं. दोन मिनिटांत तिने तोंड फिरवलं, बोटं ताणली, उचक्या सुरू. मॅडम म्हणाल्या, ती सांगतेय की बस्स झालं. ते खेळणं आता माळ्यावर आहे. एका वेळी एकच वस्तू ठेवायला लागलो. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, खरबरीत पंचा, गार स्टीलची वाटी. तळहातावरून, तळपायावरून सावकाश फिरवायचं आणि थांबायचं. ते थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

डाव्या हाताचं कोडं मात्र तसंच होतं. रात्री फोनवर वाचताना एक जुना प्रयोग सापडला. १९६९ चा, अमेरिकेतला. कॅरोलिन रोव्ही या बाईंनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली. पाय हलला की खेळणं हलायचं. बाळं थोड्याच मिनिटांत जास्त वेळा पाय मारू लागली. मला एकदम वाळे आठवले. पाय झाडला की छुम वाजतं, हे आमच्या आजीला प्रयोगाशिवाय माहीत होतं!

मी कापडी पट्टीत एक घुंगरू दुहेरी टाक्याने आत शिवलं, सुटून तोंडात जाऊ नये म्हणून. पट्टी डाव्या मनगटाला सैल बांधायची, समोर बसून राहायचं, उठलो की काढून घ्यायची. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी हात चुकून हलला, आवाज झाला आणि ती थबकली. मान हळूहळू डावीकडे वळली. दुकानातून गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी उठलो नाही.

एप्रिलच्या उन्हाने आमचं काम सोपं केलं. खानदेशातल्या चव्वेचाळीस अंशांत टोपडं-दुपट्याचा हट्ट आईनेही सोडला. ठमी पातळ झबल्यात, कधी नुसती लंगोटावर. कोमट पाण्याच्या घमेल्यात आईच्या हातावर रेलून पाय मारायची, वीज गेली की ओल्या पंचाने पुसून घ्यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, निंबाला झोका बांधला. मी ठमीला छातीशी धरून त्यावर बसलो, पाय जमिनीवरच, वीतभर मागेपुढे. मान धरून होती. आधी डोळे मोठे केले, मग माझी बनियन डाव्या मुठीत पकडली.

त्यानंतर दोन्ही हात छातीपाशी भेटू लागले. तासन्‌तास तेच. एक हात दुसऱ्याला चाचपतो, मग दोन्ही तोंडात. रोशा आणि हेस्पॉस यांचा १९९७ चा अभ्यास सांगतो की नवजात बाळालाही स्वतःचा हात गालाला लागणं आणि दुसऱ्याचं बोट लागणं यातला फरक कळतो. म्हणजे कळायची सोय पोरीकडे पहिल्या दिवसापासून होती, आम्हीच वर मोजे चढवले होते.

डोक्याचा चपटेपणा अजून थोडा आहे, केसांत झाकला जातो. मॅडमनी दोन महिन्यांनी परत बोलावलंय. डावा हात उजव्यापेक्षा किंचित आळशी वाटतो, की मीच फार बघतो, कोण जाणे.

जूनच्या शेवटी पहिला बरा पाऊस झाला. पंपाच्या मोटरी येणं थांबलं, दुकान रिकामं. ओट्यावर गोधडीवर ठमी उताणी पडली होती. डावा पाय वर आला, ती त्याच्याकडे बघत राहिली. उजव्या हाताने धरला, सुटला. परत आला, डाव्याने धरला, सुटला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी अंगठा पकडला आणि थेट तोंडात.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "सापडना का वं माय, तुना पाय?"