कामाची मराठी, कथेची मराठी

कादंबरीच्या चौथ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मागच्या वर्षी मोठ्याने वाचत असताना एका वाक्यापाशी मी थांबले. ‘तिने तिचा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि एक दीर्घ श्वास घेतला.’ अवकाळी पावसाने काढणीला आलेल्या द्राक्षांचे मणी तडकले आहेत आणि बागेची मालकीण बांधावर उभी राहून ते पाहते आहे, असा तो प्रसंग होता. निफाड तालुक्यातली बाई अशा वेळी काय करील हे मी लहानपणापासून पाहिले आहे. ती कपाळाला हात लावून मटकन खाली बसेल. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मराठी होता, व्याकरणात चूक नव्हती, आणि तरीही ते वाक्य मराठी नव्हते. दिवसभर इंग्रजी मजकुराचे भाषांतर करून संध्याकाळी कथेकडे वळलेल्या हाताने ते लिहिले होते.

विमा क्षेत्रातली बारा वर्षांची नोकरी मी २०१९ मध्ये सोडली. तेव्हा माझ्याजवळ वर्षभराच्या घरखर्चाची शिल्लक होती, भाषांतराची थोडी कामे हाताशी होती आणि रविवारी लिहून लिहून अर्धवट राहिलेली एक कादंबरी होती. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला वाटते तसेच मलाही वाटले, की प्रश्न काय तो वेळेचा आहे आणि वेळ हाती आला की बाकीचे आपोआप जमेल. मी वेळापत्रक आखले. सकाळी ताज्या डोक्याने पैशाचे काम, दुपारी चहानंतर कादंबरी आणि रात्री जेवणे आटोपल्यावर सुलेखन, असा तो क्रम होता. जवळजवळ तीन वर्षे मी तो मनापासून पाळला. तासांचा हिशेब चोख लागत होता, पाने भरत होती, पण भरलेली पाने वाचवत नव्हती.

एखादा चित्रकार दिवसा हिशेबनीस म्हणून काम करत असेल, तर त्याची दोन कामे निदान दोन वेगळ्या साधनांनी होतात. पोटासाठी लिहिणाऱ्याचे तसे नसते. ज्या भाषेत मी बँकेच्या अॅपवरचा मजकूर लिहिते, तिच्यातच मला माझ्या पात्रांना बोलते करायचे असते. सकाळी सहा तास ‘आपण आपले खाते आपल्या मोबाइल क्रमांकाशी जोडू शकता’ अशी वाक्ये रचली, की दुपारी पात्रेही तशीच बोलू लागतात. सर्वनामे वाढतात, क्रियापदे ‘करण्यात येतात’, आणि मराठी माणूस जिथे नुसते ‘आलोच’ म्हणेल तिथे तो पूर्ण वाक्यात उत्तर देतो.

म्हणून पैशाच्या कामाला मी दुय्यम मानते असे मात्र नाही. जुलाब होत असलेल्या बाळाला मीठ-साखर-पाणी कसे द्यावे, याच्या एका पत्रकाचे भाषांतर मी केले होते. मूळ मजकुरातल्या संज्ञेसाठी ‘निर्जलीकरण’ हा शब्द तयार होता, पण ते पत्रक रात्री दोन वाजता रडणारे मूल मांडीवर घेतलेली आई वाचणार होती. ‘बाळाच्या अंगातले पाणी कमी होणे’ हे शब्द ठेवावेत यासाठी मी तीन वेळा पत्र लिहिले आणि ते ठेवले गेले, याचा आनंद मला छापून आलेल्या कथेइतकाच झाला.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भाषांतराचा मोबदला शब्दागणिक ठरतो तेव्हा शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की मराठीचे, हे आधी विचारून घ्यावे. इंग्रजीला ज्यासाठी चार-पाच शब्द लागतात ते मराठी ‘घराबाहेरच्यांसाठी’ अशा एका शब्दात सांगते. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आपण जोडून लिहितो, त्यामुळे मराठी शब्दसंख्या बहुधा कमीच भरते. पहिल्या वर्षी मी मराठी शब्दांवर दर मान्य केला होता आणि जितके नेटके लिहावे तितके पैसे कमी मिळत होते. असा व्यवहार लेखकाला पाल्हाळ शिकवतो आणि ती सवय पुढे कथेतही उतरते.

चौथ्या प्रकरणाने डोळे उघडल्यावर मी दिवस उलटा केला. आता पहाटे साडेपाच ते साडेआठ हा वेळ कादंबरीचा असतो. त्या तीन तासांत फोन बंद असतो, संगणक उघडत नाही, आणि मुख्य म्हणजे इंग्रजीचा एक शब्दही डोळ्यांखालून जाऊ देत नाही, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा नाही. रेघी वहीत शाईच्या पेनाने लिहिते. रोज तीनशे शब्दांच्या वर मजल क्वचितच जाते, परंतु त्यांतले अडीचशे टिकतात. पूर्वी आठशे लिहून त्यांतले शंभर टिकत नसत. साडेदहा ते पाच पैशाचे काम. त्याला ताजे डोके लागते असे मी समजत होते. खरे तर त्याला शिस्त लागते, आणि ती नोकरीने मला भरपूर दिली आहे.

भाषा परत मिळवायला वहीइतकीच माणसांचीही गरज असते. माझ्या कादंबरीची नायिका द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्या मजुरांच्या टोळीची मुकादम आहे. पेठ, सुरगाणा भागातून दरवर्षी अशा टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांत येतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘कळी’, ‘अंकुर’, ‘फांदी’ असे शब्द लिहिले होते. गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या वेळी चार दिवस एका टोळीबरोबर राहिले. तिथल्या मावशी काडी वाकवून पाहत होत्या, कात्री चालवत होत्या, आणि मागून एक मुलगी छाटलेल्या काडीच्या टोकाकडच्या डोळ्यांना पेस्ट लावत येत होती. मी म्हटले, “मावशी, हा कोंब इथून फुटणार ना?”

“कोंब फुटल्यावर म्हणायचं, ताई. आत्ता तो डोळा. काडीला डोळे असतात, ते मोजायचे आन् मग कात्री लावायची.”

त्या वाक्यावर माझे सातवे प्रकरण उभे आहे. काडी, डोळा, ओलांडा म्हणजे वेलीची आडवी मुख्य फांदी, विरळणी हे शब्द एकदा कानात बसले, की वाक्याची ठेवण त्यांच्यामागोमाग आपसूक बदलते.

वर्षाच्या आखणीत दिवाळी अंकांचा विचार मला स्वतंत्रपणे करावा लागतो. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही परंपरा सुरू केली आणि आजही मराठी कथालेखकाचे वर्ष तिच्याभोवती फिरते. कथा आषाढ-श्रावणात मागवल्या जातात. एका वर्षी मी चार अंकांना होकार दिला आणि कादंबरी दोन महिने बंद पडली. आता वर्षाला एकच कथा देते. ती पाठवताना पत्रात एक ओळ न विसरता लिहिते, की ही परवानगी केवळ या अंकापुरती आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, हे पुष्कळ लिहिणाऱ्यांना ठाऊक नसते. भाषांतराचे हक्क मी पैसे घेऊन देऊन टाकते आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. कथेची गोष्ट वेगळी आहे.

पैशाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण त्याची काळजी पहाटेच्या वहीपर्यंत पोहोचते. माझ्या मानधनातून बहुतेक ठिकाणी १० टक्के उद्गम कर (टीडीएस) आधीच कापला जातो, त्यामुळे हाती येणारी रक्कम नव्वद टक्के धरूनच मी महिन्याचा खर्च बसवते. एका संस्थेने माझे पैसे पाच महिने थकवले होते. त्या काळात लिहिलेली पाने आज वाचली तरी त्यांतली अस्वस्थता कळते; सगळी पात्रे उगाच एकमेकांवर चिडतात. सूक्ष्म उद्योग म्हणून मी सरकारकडे ‘उद्यम’ नोंदणी करून घेतली होती. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावी लागतात आणि उशीर झाल्यास व्याज लागते, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. त्याचा उल्लेख करून सभ्य शब्दांत पत्र लिहिले आणि तीन आठवड्यांत पैसे जमा झाले.

राहता राहिला बोरू. नोकरीत असतानाच मी देवनागरी सुलेखन शिकले. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लिपीच्या टाकाच्या उलट दिशेने तिरके कापावे लागते, कारण आपल्या अक्षरांतला जाडपणा वेगळ्या अंगाने उतरतो. टोक ओबडधोबड कापले गेले तर शाई रेघेच्या मध्यावरच संपते आणि ‘क’ची गाठ कोरडी राहते. दिवसभर पडद्यावर मी ‘मंगल’ या टंकात लिहिते. तो र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते स्वतः मोठे सुलेखनकार होते, ही गोष्ट रात्री दौत उघडताना मला कधी कधी आठवते आणि पडद्यावरची अक्षरे थोडी जवळची वाटू लागतात.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका कुटुंबाने लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर नावे लिहून मागितली. चारशे पाकिटे होती आणि मोबदला चांगला होता, म्हणून मी ते काम स्वीकारले. दोनशेव्या पाकिटापर्यंत पोहोचले तेव्हा मी अक्षरे पाहणे सोडून उरलेली पाकिटे मोजू लागले होते. काम वेळेवर दिले, त्यांना आवडलेही, पण पुढे सात महिने मी बोरूला हात लावला नाही. त्यानंतर सुलेखनाचे पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले. एवढी कला अंगात असून ती घरात का ठेवतेस, असे आई अजूनही म्हणते. तिला मी सांगते, की दिवसभरात एवढे एकच काम असे आहे ज्यात मी शब्द मोजत नाही. आजीने शिकवलेल्या जात्यावरच्या ओव्या मी सावकाश लिहिते, रात्रीत कधी एकच ओळ होते. त्या ओव्यांची लय मनात घेऊन झोपले की पहाटेचे पहिले वाक्य सरळ येते, हा माझा गेल्या वर्षभराचा अनुभव आहे.

यंदाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली आहे. या महिन्यात मी भाषांतराचे काम निम्म्यावर आणले आहे आणि तशी कल्पना सर्वांना ऑगस्टमध्येच देऊन ठेवली होती. शुक्रवारी एक आरोग्यपुस्तिका पूर्ण करून द्यायची आहे. सोमवारी पहाटेच्या एसटीने दिंडोरीला जाईन. मावशींच्या टोळीने तिथे पाच एकरांची बाग उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, छाटायला घेतली आहे.