कंबर, कान आणि चाळीसचा आकडा

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले हवालदार, 2016 ला पायदळातून सुटलेले. माझ्याकडे आले होते बीपीच्या अपंगत्व पेन्शनसाठी. सुटताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने कंबरेची चकती 30 टक्के आणि बहिरेपणा 20 टक्के सेवेच्या खात्यात धरला होता. रक्तदाबाचे 30 मात्र एका ओळीत नाकारले: 'सुरुवात पीस स्टेशनला', म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीत. बीपी पहिल्यांदा मोजलं गेलं पीसमध्ये, हे खरं. त्याआधीची काश्मीरची वर्षं कुणी बघितलीच नाहीत. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर नाकारताना बोर्डाने कारणं द्यायला हवीत, हे सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालात स्पष्ट आहे.

पण मी अडकलो एकत्रित टक्केवारीच्या रकान्यात. मान्य झालेल्या दोघांचे मिळून 40! लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेत साफ लिहिलंय: आजारांचे परिणाम पूर्ण वेगळे असतील तर सरळ बेरीज, एकमेकांत मिसळत असतील तरच कपात. वाकता न येणं आणि ऐकू न येणं यात मिसळतं काय? काही बोर्ड उगाच कपात करतात आणि ते चूक आहे, हेही तिथंच छापलंय. तरी करतात.

त्यांच्या वेळच्या नियमाने 50 च्या आतले 50 धरतात, 50 ते 75 वाल्यांना 75. शंभर टक्के अपंगत्वाला पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. म्हणजे 40 वाल्याला 15 टक्के, 50 वाल्याला साडेबावीस, जन्मभर. (21 सप्टेंबर 2023 पासून नियम बदललेत.)

"कानाचं र्‍हाऊ दे ओ साहेब, बीपीचं तेवढं बघा."

दोन्ही मुद्दे एकाच अपिलात, पण वेगवेगळे मांडले. बीपी फेटाळलं तरी बेरीज उभी राहायला हवी. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांची मुदत कधीच उलटलेली, म्हणून सोबत उशीरमाफीचा अर्ज. बोर्डाची प्रत, पीपीओ (पेन्शनचा आदेश), पोस्टिंगचा तपशील जोडला. अपिलाची पहिली समिती, मग दुसरी, तिथंही नाही झालं तर लष्करी न्यायाधिकरण. हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीचा माणूस त्यासाठी मुंबईला जातो. आमच्या माणसाला कोची. गुडघे-कंबर गेलेल्यांना हा प्रवास लावणं मला अजून पटत नाही.

जिंकलो तरी थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते, 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे. तो बोर्डाचा कागद इतकी वर्षं त्यांच्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाखाली, घडी न मोडता पडून होता.