दांडेलीचं राफ्टिंग: पैसे देण्याआधी 'शॉर्ट की लाँग' विचारा

आम्ही विचारलं नाही. माणशी सोळाशे रुपये गेले.

बडोद्यात बुकिंग करताना एजंट म्हणाला, "काली नदीवर राफ्टिंग, सगळं आलं त्यात." कर्नाटकात दांडेलीजवळच्या गणेशगुडीला पोचलो तर आठ जणांना राफ्टमध्ये बसवलं, एका रॅपिडवरून, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्यावरून, खाली सोडलं, संथ पाण्यात दोन चकरा मारल्या, फोटो काढले आणि "चला, उतरा". घड्याळात वीस मिनिटं. माझा मावसभाऊ शेवटपर्यंत विचारत होता, "दादा, सुरू कधी होणार?" हे शॉर्ट राफ्टिंग. तिथे थेट जाणाऱ्यांना पाचशेत मिळत होतं. बरोबर लहान मुलं असतील तर ठीक, नाहीतर पैसे पाण्यात, तेही संथ पाण्यात.

खरं राफ्टिंग ते लाँग. गणेशगुडीहून मौळंगीपर्यंत, नऊएक किलोमीटर, दोन्ही काठांना दाट जंगल. ते दुसऱ्या दिवशी वेगळे पैसे भरून केलं. पावसाळ्यात बंद असतं. एरवीही नदीचा जोर सुपा धरणाच्या वीजघरावर. तिथे ५० मेगावॅटचे दोन संच आहेत, ते चालू तेवढंच पाणी खाली येतं. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून पाणी आहे का विचारा. रिसॉर्टवाल्याला नको, राफ्ट चालवणाऱ्यांना.

आता लाइफ जॅकेट. माझ्या जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं, त्या जागी नायलॉनची दोरी गाठ मारून बांधलेली. मी भिडेखातर बदलून मागितलं नाही. मूर्खपणा. एका मोठ्या रॅपिडला राफ्ट खडकावर चढून कलंडली, मी बाहेर, आणि जॅकेट थेट कानांपर्यंत वर आलं. पाण्यात पडलं की माणूस पहिलं काय करतो? उभं राहायला बघतो. गाइड ओरडला, "पाय वर!" बरोबरच होतं, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकलं तर मागचं पाणी तुम्हाला खाली दाबतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, गुडघे थोडे वाकलेले. दोरी फेकली की छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. माझी नडगी अजून काळीनिळी आहे, आणि तरीही उद्या कोणी बोलावलं तर निघेन.

निघण्यापूर्वी कोणाला तरी खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. हनुवटीपाशी आलं तर बदला, भीड नको. मागे पट्टा असलेले सँडल हवेत, साध्या चपला पहिल्या रॅपिडलाच जातात.

दांडेली गावाजवळच्या संथ पाण्यात मगरी आहेत. बडोद्यात मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी राहणाऱ्या माणसाला नवल नाही, पण पोहायला उतरू नका.

बडोद्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या गाडीने लोंढ्याला उतरता येतं, पुढे जीप. भाडं आधी ठरवा. बाकीचे दोन दिवस हॉर्नबिल (धनेश पक्षी), चहा, झोप.

परत आल्यावर एजंटाकडे फरक मागितला. म्हणाला, "पुढच्या ट्रिपला ॲडजस्ट करू."