तुम्ही विचारलंत म्हणून: फॉदरिंगेच का?

ब्रिटिश लोकगीत-रॉक गायिका सँडी डेनीचा विषय निघाला की मला हा प्रश्न येतोच: फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा तिचा गाजलेला बँड सोडून, तिनं नंतर काढलेल्या आणि वर्षभरही धड न टिकलेल्या फॉदरिंगेवर तुमचा एवढा जीव का? पाठोपाठ निकालही लागतो. प्रियकराला सोबत ठेवायला काढलेला बँड, तिचं उमेदीचं वर्ष वाया गेलं.

मला हे ऐकवत नाही. १९७० सालच्या त्यांच्या रेकॉर्डवरचं 'बँक्स ऑफ द नाइल' ऐका. जुनं लोकगीत, सुमारे ८ मिनिटांचं. इजिप्तच्या मोहिमेवर निघालेल्या शिपायाला त्याची प्रेयसी विनवते, केस कापते, पुरुषाचा वेष घेते, पण मला सोबत ने. सँडी गाते आणि बाकीचे चौघे तिच्या श्वासाला जागा ठेवून वाजवतात. हे वाया गेलेलं वर्ष?

तो प्रियकर, बँडमधलाच ट्रेव्हर ल्युकस, तिच्या तोडीचा गायक नव्हता, हे कबूल. त्याच्या वाट्याची गाणी तिनं गायली असती तर मलाही आवडलं असतं. पण म्हणून बँड खोटा ठरत नाही.

२ ऑक्टोबर १९७०, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. नुकताच 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनमधली सर्वोत्तम गायिका निवडलेलं. एवढ्या मोठ्या सभागृहात मुख्य कार्यक्रम फॉदरिंगेचा, आणि त्यांच्याआधी गायला एल्टन जॉन. त्याच्या रेकॉर्डवरून तो शांतपणे पियानोवर बसून गाणारा वाटायचा. पण तो अमेरिका गाजवून परतला होता, आणि त्या रात्री त्यानं सभागृह पेटवलं. त्यानंतर फॉदरिंगेनं मंचावर येऊन काय करायचं? त्यांचं गाणं हळूहळू उलगडणारं, जवळ बसून ऐकायचं. त्या रात्रीवरून त्यांना मोजणाऱ्यांचा मला आजही राग येतो. हरले ते गाण्यात नाही, क्रमात.

पुढे जानेवारी १९७१. दुसरी रेकॉर्ड अर्धवट. निर्माता जो बॉइड कॅलिफोर्नियातल्या नोकरीवर निघालेला. सँडीनं एकटीनं गावं ही त्याची जुनी इच्छा. आपण बँड सोडला तर तो थांबेल, असा तिचा समज झाला. तिनं बँड मोडला. तो गेलाच.

बरीच वर्षं मी सगळा दोष बॉइडवर टाकायचो. आता वाटतं, पैसा पाण्यासारखा जात होता, ध्वनियंत्रणा एवढी अवाढव्य की तिला 'स्टोनहेंज' म्हणायचे. कुणीतरी 'पुरे' म्हणणारच होतं. पण तेव्हाचा मी विचारतो: मग तिच्या पहिल्या एकल रेकॉर्डवर कॉनवे, डोनल्डसन, डॉनह्यू हे फॉदरिंगेतलेच वादक कसे? १९७४ मध्ये ती पुन्हा फेअरपोर्टमध्ये का गेली, तेही ल्युकस आणि डॉनह्यू तिथं असताना? तिला माणसांत उभं राहून गायचं होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि तिच्या एकल रेकॉर्डही मला सोडवत नाहीत.

ती १९७८ मध्ये ३१व्या वर्षी गेली. ल्युकस १९८९ मध्ये. अर्धवट राहिलेली ती दुसरी रेकॉर्ड डॉनह्यूनं जुन्या टेपांवरून, कॉनवे आणि डोनल्डसनला सोबत घेऊन पुरी केली, तेव्हा २००८ साल उजाडलं होतं. वाया गेलेल्या वर्षासाठी माणसं इतकं करत नाहीत, असं मला वाटतं. तुम्हाला अजूनही तसं वाटत नसेल तर आधी ती रेकॉर्ड ऐका, मग बोलू.